समज देऊन सोडणं: कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसोबत काम सुरू करताना

सोळा वर्षांचा एक मुलगा बसस्थानकाच्या बाकावर कुणाचा तरी विसरलेला मोबाइल उचलतो. दोन तासांत सापडतो. बाप धापा टाकत ठाण्यात येतो, साहेब चार शब्द सुनावतात, मोबाइल परत जातो आणि मुलगा घरी जातो. ‘समज देऊन सोडून दिलं,’ असं सगळे म्हणतात. दुसऱ्या ठाण्यात तसाच एक मुलगा रात्रभर बाकावर बसून राहतो, त्याच्यावर गुन्हा नोंदला जातो आणि पुढे दीड-दोन वर्षं तो शाळा बुडवून तारखांना जातो. दोघांनी केलं ते सारखंच. त्या वेळी ठाण्यात कोण हजर होतं आणि त्याला कायदा किती ठाऊक होता, एवढ्यानंच दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी हा लेख आहे: स्वयंसेवक, समाजकार्याचे विद्यार्थी, अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदाच उभे राहणारे वकील, नुकते रुजू झालेले परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाची माहिती काढणारे आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारे प्रोबेशन ऑफिसर. मुलाला खटल्याच्या वाटेवरून वळवून घरी, शाळेत, कामाधंद्यात परत आणणं हे कुणाच्या दयेवर सोडलेलं काम नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये जी मूलभूत तत्त्वं दिली आहेत, त्यांत हे एक आहे. मुलाच्या किंवा समाजाच्या हितासाठी गरज नसेल, तर न्यायालयीन कार्यवाहीशिवायच्या उपायांना चालना द्यावी, असं ते सांगतं. भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतही, कलम ४० मध्ये, हाच आग्रह आहे.

ठाण्यात, शाळेत, नातेवाइकांत तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जाईल: ‘असं सोडत गेलं तर पोरं सोकावणार नाहीत का?’ उत्तर तयार ठेवा. २०१० मध्ये २९ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७,३०४ मुलं होती. काहींना औपचारिक यंत्रणेतून नेलं होतं, काहींना वळवलं होतं किंवा नुसतं सोडून दिलं होतं. यंत्रणेतून नेल्यामुळे पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढण्याकडेच कल दिसला. कारण समजायला अवघड नाही. तारखांपायी शाळा सुटते, निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, जास्त मुरलेल्या मुलांशी ओळख होते आणि वस्तीत ‘तो आत जाऊन आलेला’ हे नाव पडतं. ते नाव एकदा चिकटलं की मुलगाही हळूहळू तसाच वागू लागतो.

पहिली पायरी: वय

सगळ्यात आधी वयाचा पुरावा हातात घ्या. घटना घडली त्या दिवशीचं वय धरलं जातं, पकडलं त्या दिवशीचं नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. तरी ठाण्यात पहिल्यांदा तेच मागतात आणि त्यावर १ जानेवारी अशी अंदाजे तारीख असेल तर घोळ होतो. आईला शाळेत पाठवा, बोनाफाइड किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगा. शाळा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर मुख्याध्यापकांना फोन लावून रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवा. मूळ प्रत नंतर येईल, पण त्या रात्री फोटोनंही पुष्कळ काम होतं.

अठरा पूर्ण झालेले असतील तर हा कायदा लागू होत नाही. तरी हात टेकू नका. अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ तिथे उपयोगी पडतो. त्याच्या कलम ३ खाली किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला ताकीद देऊन सोडता येतं. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडता येतं. कलम ६ प्रमाणे २१ वर्षांखालील तरुणाला जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात कैद द्यायची असेल, तर न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात. पण हे सगळं दोष सिद्ध झाल्यानंतरचं आहे, म्हणून मुलांच्या कायद्याइतकं लवकर ते हाती लागत नाही. भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, समाजसेवेची शिक्षाही आली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर कलम ३०३ प्रमाणे शिक्षा समाजसेवेचीच आहे. वकील नवा असेल तर हे कलम त्याला आठवण करून द्या.

दुसरी पायरी: गुन्हा कोणत्या वर्गात बसतो

बाल न्याय कायदा गुन्ह्यांचे तीन वर्ग करतो. जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा असेल तो किरकोळ. किमान सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तो निर्घृण. गंभीर हा वर्ग या दोन्हींच्या मधला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची व्याख्या बदलली आहे, म्हणून जुन्या पुस्तिकेवर विसंबू नका. बसस्थानकावरच्या मोबाइलची साधी चोरी किरकोळ वर्गात येते. तोच मोबाइल कुणाच्या घरातून उचलला असेल तर कलम बदलतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि वर्गही बदलतो. म्हणून कोणतं कलम लावलं आहे ते पहिल्या दिवशी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ‘चोरीची केस आहे’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

निर्घृण वर्गातली प्रकरणं, लैंगिक अत्याचाराची प्रकरणं आणि जिथे कुणाला मोठी इजा झाली आहे अशी प्रकरणं नवख्यानं एकट्यानं हाती घेऊ नयेत. तिथे अनुभवी माणसाच्या मागे बसा आणि शिका.

तिसरी पायरी: ठाण्यातले पहिले काही तास

मुलगा वळणार की अडकणार हे इथे ठरतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ छापून जवळ ठेवा, आणि आपल्या राज्याचे नियमही. नियम ८ सांगतो की मुलानं केलेला गुन्हा निर्घृण नसेल आणि तो प्रौढांबरोबर मिळून केलेला नसेल, तर एफआयआर नोंदवायचा नाही. माहिती ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत घ्यायची, नमुना १ मधला सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरायचा आणि दोन्ही मंडळाकडे पाठवायचं. शिवाय मुलाच्याच हितासाठी गरज असल्याखेरीज अशा गुन्ह्यात त्याला ताब्यात घ्यायचंही कारण नाही. सुनावणी कधी आहे ते आई-वडिलांना कळवायचं आणि मुलानं घरूनच यायचं.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मग प्रश्नच काय उरला? प्रश्न असा की ठाण्यात रोज शंभर कामं असतात. ठाणे अंमलदाराला प्रौढांची पद्धत अंगवळणी पडलेली असते, आणि फिर्यादी समोर उभा राहून ‘गुन्हा नोंदवा’ म्हणत असतो. म्हणून ठाण्यात शिरल्यावर पहिलं नाव विचारा ते बाल कल्याण पोलिस अधिकाऱ्याचं. कलम १०७ नुसार प्रत्येक ठाण्यात असा किमान एक अधिकारी नेमलेला असतो, आणि जिल्ह्याला विशेष बाल पोलिस पथक असतं. तो रजेवर असेल तर पथकाला फोन करा. आवाज चढवू नका. कायद्याचं पुस्तक टेबलावर आपटू नका. ‘साहेब, नियम ८ प्रमाणे ही डायरीची नोंद होईल ना? नमुना १ भरायला मी आई-वडिलांकडून माहिती काढून देतो,’ असं म्हटलं की समोरच्याचं काम हलकं होतं. बहुतेक वेळा त्याला तेवढंच हवं असतं.

त्याच वेळी काही गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. हातकडी घालता येत नाही. त्याच्याशी बोलणारा पोलिस साध्या कपड्यांत असायला हवा. कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. आई-वडिलांना कळवायचं, मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. ताब्यात घेतलंच असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचं. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. मारहाणीची खूण दिसली, तर वाद घालण्याआधी वैद्यकीय तपासणीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

जामिनाबद्दल घरच्यांना एक धीर देता येतो. कलम १२ खाली गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हाच नियम आहे. सोडल्यामुळे तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतूच हरपेल, अशी वाजवी कारणं असली तरच नकार देता येतो, आणि ती लिहावी लागतात. जामीनदार मिळाला नाही म्हणून जामिनाच्या आदेशापासून सात दिवसांत अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलून घ्यायची तरतूद आहे. गरीब घरांत ही तरतूद फार मोलाची आहे, आणि तिची आठवण बहुधा कुणालाच नसते.

चौथी पायरी: मुलाशी बोलणं

मुलाशी बोला, पण त्याच्याकडून कबुली काढू नका. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मनात दुष्ट किंवा गुन्हेगारी हेतू नव्हता, असं कायदा गृहीत धरतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांतला नियम ११ असं सांगतो की मुलाला समाजसेवेसारख्या उपायांकडे वळवायचं असेल, तर त्याची किंवा पालकांची संमती हवी. संमती म्हणजे घाबरून हलवलेली मान नाही. ‘सही कर, नाहीतर आत जाशील’ असं म्हणून घेतलेली संमती धरू नका.

आणि समजा मुलगा म्हणाला, ‘मी घेतलाच नाही.’ तर? इथे नवखे हमखास चुकतात. सोपी वाट दिसत असते, म्हणून ‘कबूल करून टाक, बोर्ड समज देईल आणि सोडेल’ असा सल्ला देतात. असं कधीही करू नका. ज्यानं केलं नाही, त्याला चौकशीत ते सिद्ध करायचा पूर्ण हक्क आहे. त्याला वकील मिळवून द्या आणि त्याच्या बाजूनं उभे राहा. निर्दोष मुलानं लवकर सुटण्यासाठी केलेली खोटी कबुली आयुष्यभर त्याच्या मनात राहते.

‘का केलंस?’ या प्रश्नाला मुलं गप्प बसतात, कारण त्यांनाही ते माहीत नसतं. ‘त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं?’ असं विचारा. मग कळतं की सकाळी घरात भांडण झालं, शाळेत जायचं टाळलं, मित्राला फोन करायचा होता आणि स्वतःकडे फोन नव्हता. आई-वडिलांसमोर एकदा बोला, त्यांच्याशिवाय एकदा बोला. दोन्ही वेळच्या गोष्टीत फरक असेल तर लगेच पकडू नका, तो ऐकून ठेवा.

पाचवी पायरी: सामाजिक तपासणी अहवाल

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. कलम १३ प्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्यानं, तो नसेल तर बाल कल्याण अधिकाऱ्यानं, दोन आठवड्यांत हा अहवाल मंडळाला द्यायचा असतो. त्याचा नमुना ठरलेला आहे, नमुना ६. तुम्ही अधिकारी नसलात तरी बहुतेक ठिकाणी तुमची मदत हवीच असते, कारण एका अधिकाऱ्याच्या हाताखाली फार मोठा भाग असतो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असे तिघे बसतात, त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असते. मुलाला ते काही मिनिटंच बघतात. त्याचं घर, शाळा, गल्ली त्यांना दिसते ती या अहवालातूनच.

गृहभेटीला पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका. संध्याकाळी जा, कामावरची माणसं घरी परतल्यावर. शेजाऱ्यांना कारण सांगू नका; मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि त्याहीपलीकडे, तुमच्या एका वाक्यानं त्याचं वस्तीत राहणं अवघड होतं. एकदा जाऊन भागत नाही. पहिल्या भेटीत घर पाहुण्यासारखं वागतं, दुसऱ्या भेटीत खरं बोलतं. आईला वेगळं भेटा. मुलगा कुठे झोपतो, दप्तर कुठे ठेवतो, दुपारी कुठे असतो हे त्यालाच दाखवायला सांगा. शाळेत फक्त मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षकांशी बोला आणि हजेरीपट पाहा. हजेरी कोणत्या महिन्यात तुटली हे कळलं की अर्धी गोष्ट उलगडते, कारण त्याच महिन्यात घरात काहीतरी घडलेलं असतं.

लिहिताना ठोकळेबाज वाक्यं टाळा. ‘मुलगा वाईट संगतीत आहे. पालकांचे दुर्लक्ष आहे.’ अशा ओळी शेकडो अहवालांत सापडतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘मे महिन्यापासून वडिलांचे काम बंद आहे. आई सकाळी सहाला कामावर जाते, रात्री आठला परतते. मुलगा नववीपर्यंत नियमित होता. दहावीत जुलैपासून गैरहजर. वर्गशिक्षक सांगतात, शाळेच्या सहलीचे पैसे न भरल्याने त्याला वर्गात उभे केले होते, त्यानंतर तो आला नाही. शेजारी राहणारी मावशी त्याला रोज जेवू घालते आणि संध्याकाळची जबाबदारी घ्यायला तयार आहे.’ एवढं वाचल्यावर काय करावं हे मंडळाला तुम्ही वेगळं सांगायची गरजही फारशी उरत नाही. अडचणी लिहा, पण आधारही तितक्याच बारकाईनं लिहा: त्याला कोण ऐकतो, त्याला काय जमतं, त्याच्यासाठी कोण वेळ काढेल.

जात आणि जमात लिहिताना हात आखडता घ्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण समाजांच्या कपाळावर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्यांच्या पालावरचा मुलगा सापडला की ‘यांचा धंदाच तो’ हे वाक्य ठाण्यात अजून ऐकू येतं, आणि कधी कधी सभ्य भाषेत अहवालातही उतरतं. ‘समाजाची पार्श्वभूमी गुन्हेगारी स्वरूपाची’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर ते खोडायला सांगा. मुलाच्या जमातीनं मोबाइल उचललेला नाही.

सहावी पायरी: ज्याचं नुकसान झालं तो माणूस

मुलाची बाजू घेताना आपण फिर्यादीला विसरतो. हे चूक आहे आणि अन्यायाचंही आहे. मोबाइल गेलेल्या माणसाचे दोन दिवस बुडाले, कामाचे नंबर गेले, मनस्ताप झाला. त्याला भेटा, आणि भेटायची त्याची इच्छा नसेल तर आग्रह करू नका. ‘मुलगा लहान आहे, जाऊ द्या’ या वाक्यानं सुरुवात केलीत तर दार बंद होईल. आधी त्याचं ऐका.

कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती. परिविक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारी पाठवलं. समोरासमोर बोलणं झालं, नुकसान भरून देण्याचं ठरलं. गुन्हा करणारा आणि सोसणारा यांना समोरासमोर बसवण्याच्या आजच्या पद्धतीची सुरुवात तिथून मानतात. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यानं पुढे जाऊन कुटुंबाची बैठक हाच मुलांच्या न्यायाचा मुख्य मार्ग केला: मुलगा, नातेवाईक, पोलिस आणि फिर्यादी एकत्र बसून काय करायचं ते ठरवतात. आपल्याकडे अशी बैठक ठरलेल्या साच्यात होत नसली, तरी मुलानं स्वतःच्या शब्दांत मागितलेली माफी, परत केलेली वस्तू आणि जमेल तेवढी भरपाई यांची नोंद मंडळापुढे ठेवता येते.

एक सावधगिरी: पैशांची बोलणी तुम्ही करू नका. ‘इतके द्या, तक्रार मागे घेतो’ असं सुरू झालं की पैसेवाल्याचा मुलगा सुटतो आणि गरिबाचा अडकतो. रक्कम, वस्तू, माफी यातलं जे काही ठरेल ते मंडळासमोर, लेखी ठरू द्या.

सातवी पायरी: मंडळापुढे काय मागायचं

कलम १८ मध्ये मंडळाला जे आदेश देता येतात, त्यांची चढती रांग आहे. उपदेश किंवा समज देऊन आणि समुपदेशन करून घरी पाठवणं, गट समुपदेशन, देखरेखीखाली समाजसेवा, दंड, पालकांच्या ताब्यात चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर सोडणं, योग्य संस्थेच्या देखरेखीखाली ठेवणं, आणि सर्वांत शेवटी विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवायची संस्था. परिविक्षा असो वा गृह, मुदत तीन वर्षांपलीकडे जात नाही. याशिवाय शाळेत जाणं, व्यवसाय प्रशिक्षण, व्यसनमुक्ती किंवा उपचार, एखाद्या ठिकाणी न फिरकणं अशा जोड-आदेशांचीही सोय आहे. समाजसेवा नियमांप्रमाणे चौदा वर्षांवरील मुलांनाच देता येते: बाग राखणं, वृद्धांची किंवा अपंग मुलांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक अशी कामं. मुलाला सार्वजनिक लाज वाटेल असं काम सुचवू नका. जिथे त्याला कुणीतरी ‘उद्या ये हं’ म्हणेल, असं काम शोधा.

इथे माझा ठाम आग्रह आहे: जास्त मागू नका. आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून सहा महिन्यांचं समुपदेशन, दर शनिवारची हजेरी, तीन शिबिरं आणि एक करारपत्र असं सगळं एका मुलावर लादलं जातं. ज्या मुलाला पूर्वी साहेब चार शब्द सुनावून घरी पाठवत, तो आता आपल्या कार्यक्रमात अडकतो. एखादी हजेरी चुकली की ती ‘अटभंग’ ठरते, आणि चोरीपेक्षा अटभंगच त्याला जास्त आत ओढतो. ज्याचं घर, शाळा आणि मित्र धड आहेत, त्याला समज आणि एकदोन भेटी पुरतात. मोठा कार्यक्रम त्याच्यासाठी राखून ठेवा ज्याचं खरंच सगळं विस्कटलं आहे.

‘एकदा तुरुंग दाखवून आणा, परत नाव घेणार नाही,’ असं सुचवणारे भेटतील, मंडळाच्या व्हरांड्यातही. अमेरिकेत १९७० च्या दशकात हे पद्धतशीर करून पाहिलं गेलं: मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी दरडावलं. प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा दिसलं की अशा मुलांनी नंतर जास्त गुन्हे केले. त्यामुळे या सूचनेला नम्रपणे पण स्पष्ट नकार द्या.

मुदतीवर लक्ष ठेवा. पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपायला हवी, फार तर आणखी दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदतीतही ती संपली नाही, तर कलम १४ प्रमाणे कार्यवाही आपोआप संपुष्टात येते. तरी प्रकरणं रेंगाळत राहतात. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला वर्षाहून जुनी किरकोळ प्रकरणं बंद करण्याचा आदेश द्यावा लागला होता. म्हणून पहिल्या हजेरीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि सहा महिने उलटले की वकिलामार्फत अर्ज द्या.

आठवी पायरी: आदेशानंतर

आदेश मिळाला की सगळे पांगतात. काम खरं तर तिथे सुरू होतं. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा भेटा, घरी नव्हे तर त्याला आवडेल अशा जागी: मैदानावर, टपरीवर, लायब्ररीत. आदेशात लिहिलेली कामं दोनतीनच असतील तर त्यांची साधी यादी त्याच्याच अक्षरात करून घ्या. शाळेत परत बसवायचं असेल तर मुख्याध्यापकांकडे स्वतः जा, ‘पोरगं बिघडलेलं आहे’ ही हवा वर्गात जाऊ देऊ नका. तो एकदा चुकला, दोनदा चुकला तर लगेच मंडळाला कळवायची घाई नको; आधी काय झालं ते विचारा. आईला ज्या दिवशी काळजी वाटेल त्या दिवशी फोन करता येईल असा एक नंबर तिच्याकडे असू द्या, आणि तो उचला.

शेवटची पायरी: कागद

प्रकरण मिटलं की बहुतेक जण फाइल बांधून ठेवतात. कलम २४ सांगतं की या कायद्याखाली ज्याचा निवाडा झाला, त्या मुलाला त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत व नियमांतला कालावधी उलटल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांपुढच्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून चालवलं गेलं असेल, तेवढाच अपवाद. कलम ७४ पोलिसांना सांगतं की मिटलेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य पडताळणीसाठी द्यायची नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही लहानपणी घडलेल्या अशा गोष्टीवरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही, हे स्पष्ट केलं. तरी पाच वर्षांनी भरतीच्या वेळी ठाण्यातलं एखादं जुनं पान वर येतं, आणि मुलगा घाबरून तुम्हाला फोन करतो.

म्हणून मुदत उलटली की नोंदी नष्ट करण्यासाठी मंडळाला अर्ज द्या, ठाण्यातल्या डायरीच्या नोंदीचा उल्लेख त्यात करा आणि पोच घ्या. अंतिम आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती काढा. एक मुलाच्या आईकडे द्या, जन्मदाखल्याच्याच पिशवीत ठेवायला सांगा. दुसरी तुमच्याकडे, बंद पाकिटात, मुलाचं नाव बाहेरून दिसणार नाही अशी.